हातचा धरून

कागदावर एकच आकडा होता:
तासाला एकशे ऐंशी घनमीटर.
मी विचारलं, कुठल्या तासाला?
बिबवेकर हसले. खरेदी विभागाचं हसू,
पावतीइतकंच कोरडं.

हडपसरचा दूध कारखाना, धुण्याच्या पाण्याचा पंप,
दर चौथ्या महिन्याला एक बेअरिंग खातो.
"खादाड निघाला हो तुमचा पंप, मॅडम."
दस्तगीर मुलाणी काही बोलले नाहीत.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक केसिंगला टेकवलं,
मूठ कानाला लावली,
डोळे मिटले.
"आत खडी भरडतेय."
खडी नव्हती. पाणीच होतं,
बुडबुडे होऊन फुटणारं आणि फुटताना
इंपेलरचं ब्राँझ कणाकणानं कुरतडणारं.

पुढचा व्हॉल्व्ह चौथाई उघडा.
चाकाला साखळी, साखळीला कुलूप,
किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही.
अकरा वर्षं
ब्रेकवर पाय दाबून गाडी हाकावी
तसा हा चालला होता.

जुनी फाइल काढली.
मूळ मागणी एकशे दहाची.
प्लँटवाल्यानं दहा टक्के वाढवले, उन्हाळा धरून.
सल्लागारानं वीस, विस्तार धरून.
त्याच्या साहेबानं थोडे, सल्लागाराला धरून.
मग पाच टक्के कुणी तरी पेन्सिलीनं,
खाली बारीक सही.
सही माझी.
नवी होते तेव्हा. कमी पडलं तर नाव जातं,
जास्त झालं तर नुसती वीज जाते,
एवढं मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं.
शेवटी खरेदीनं वरचा साइझ घेतला, सवलत होती म्हणून.
ज्यानं त्यानं आपापला हातचा धरला.

त्या रात्री मी तिथेच थांबले.
हजेरीच्या वहीमागे रेघा आखल्या, तासातासाचा आकडा.
दहाला टँकर आले: एकशे बारा.
बाराला नव्वद.
दोनला त्रेपन्न.
तीन वाजून गेल्यावर अठ्ठावीस.
वॉचमन खुर्चीत पेंगलेला,
मांजर पॅनेलच्या उबेला,
आणि पंप पूर्ण वेगात,
एका पाहुण्यासाठी अख्खी पंगत रांधत.

सकाळी मुलाणींनी माझा आलेख आधी उलटा धरला, मग सुलटा.
"पाच पोरी घरात होत्या," म्हणाले,
"तेव्हा हा असा हंडा लागायचा.
आता आम्ही दोघंच.
हंडा तोच आहे."

एकाऐवजी तीन, मी सांगितलं. लहान.
रात्री एक, पहाटे दोन, टँकर आले की तिन्ही,
आणि त्यातल्या एकाला ड्राइव्ह,
वेग कमीजास्त करायला.
बिबवेकरांनी कुठं तरी वाचलं होतं
की वेग निम्मा केला तर वीज आठवा हिस्सा लागते.
मग एकच ठेवू, त्यालाच ड्राइव्ह लावू!
म्हटलं, साहेब, पावडरच्या टॉवरचा वरचा मजला
बावीस मीटरवर आहे.
पाणी कितीही सावकाश न्या,
बावीस मीटर बावीसच राहतात.
एका वेगाखाली पंप फिरतो फक्त,
पाणी काही वर चढत नाही.
"म्हणजे आमच्या सोमवारच्या बैठकीसारखं,"
ते म्हणाले, आणि या वेळी
खरंच हसले.

निघण्याआधी मुलाणींनी कुलूप कापलं.
चाक हलेना. रॉकेल सोडलं, चहा घेतला,
पुन्हा दोघांनी मिळून ओढलं.
गंज करवादला, मग
अर्धा फेरा, मग एक.
नवे पंप येईपर्यंत निदान हे तरी, म्हणाले,
मोटरचे अँपिअर बघत, हात व्हॉल्व्हवरच ठेवून.
मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हाती दिला.
मी कान लावला.
खडी होती अजून, पण लांब,
शेजारच्या गल्लीत कुणी तरी बांधकाम काढल्यासारखी.

रात्री कोटेशन भरायला बसले.
कमाल प्रवाहाच्या रकान्यात
हात एकशे तीसकडे चालला होता,
ओढून आणला,
एकशे पंधरा लिहिलं.
मोजलेले एकशे बारा.
वरचे तीन?
असू देत.